पिरान्हाचं नाव पुन्हा पुन्हा का चुकतं, आणि ते कसं टाळायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. रेड बेली, म्हणजे लाल पोटाचा पिरान्हा, म्हणून इवलीशी पाच-सहा पिल्लं आणली, चार-सहा महिने गेले आणि त्यातलं एक वेगळंच दिसायला लागलं. कधी त्याचं तोंड टोकदार होत जातं, कधी ते बाकीच्यांच्या दुप्पट वाढतं, कधी पोटावर लाली येतच नाही. किंवा अगदी उलटं: ब्लॅक पिरान्हा म्हणून एकटा ठेवलेला मासा वर्षभरात काळा होत नाही, त्याचा गळा मात्र लाल होतो. मग घाईघाईत काढलेला एक फोटो दाखवून विचारणा होते, पाच जण पाच नावं सांगतात, त्यातलं सगळ्यात भारदस्त नाव टँकवर चिकटतं आणि दोन महिन्यांनी तोच प्रश्न नव्याने उभा राहतो.

हा घोळ सुटत नाही याचं कारण माशात कमी आणि आपल्या बघण्याच्या क्रमात जास्त आहे. आपण रंग सगळ्यात आधी बघतो, आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी बघायचा असतो. आधी दात, मग पोटाखालचा काटा, मग डोक्याची ठेवण, मग शेपटीची कड, मग मासा कुठल्या नदीतून आला ते, आणि हे सगळं जुळल्यावर रंग. शिवाय पाच सेंटिमीटरच्या पिल्लाला जातीपर्यंत नाव द्यायचा हट्ट सोडायला हवा. त्या वयात जवळजवळ सगळे पिरान्हा चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेले असतात आणि एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात.

नाव चुकलं तर नेमकं काय बिघडतं

शास्त्रीय नावातला पहिला शब्द म्हणजे आडनाव आणि दुसरा म्हणजे त्या माशाचं नाव, असं धरून चला. पिरान्हा पाळणाऱ्याला दोन आडनावं पाठ हवीत: पायगोसेंट्रस आणि सेरासाल्मस. दोन्ही पिरान्हाच, पण टँकमधला त्यांचा स्वभाव निराळा. रेड बेली पायगोसेंट्रस घराण्यातला. तो घोळक्यात राहतो, एकटा ठेवला तर कोपऱ्यात दबून बसतो. सेरासाल्मस घराण्यातले बहुतेक मासे एकलकोंडे. त्यांच्या पिल्लांचं मोठं खाद्य म्हणजे दुसऱ्या माशांचे पर आणि खवले. अशा पिल्लाला रेड बेलीच्या घोळक्यात सोडणं म्हणजे त्याला रोजचं जेवण वाढून ठेवणं. आणि तिसरी शक्यता अशी, की मासा मुळात पिरान्हाच नाही, त्याचा फळं-बिया खाणारा नातलग पाकू आहे. मग सगळा हिशेब टँकच्या आकाराचा होतो, कारण पाकू थांबायचं नाव घेत नाही.

माझ्याकडे हे घडलं तेव्हा टँकमध्ये तीनच मासे होते, तिन्ही रेड बेली म्हणून आलेले. एका सकाळी दिवा लावला तर सगळ्यात मोठ्या माशाच्या शेपटीच्या वरच्या पात्यातून अर्धचंद्राएवढा तुकडा गेलेला होता. कड इतकी स्वच्छ, जणू कागदाला पंच मारला आहे. भूक असेल म्हणून मी खाणं वाढवलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या माशाचा पोटामागचा पर तसाच कातरलेला. तेव्हा मी टँकसमोर अर्धा तास नुसता बसून राहिलो. सगळ्यात लहान, सगळ्यात गरीब दिसणारा तिसरा मासा इतरांच्या मागे थोडा खालच्या बाजूने तरंगत राही, अंग जरा तिरकं करी, आणि क्षणात पुढे जाऊन परत जागेवर येई. घासाचा आवाज नाही, पाठलाग नाही. बाजूने नीट पाहिल्यावर दिसलं की त्याच्या डोळ्याच्या वर कपाळ किंचित आत दबलेलं आहे, आणि बाकी दोघांचं फुगीर आहे. एवढा एक फरक पहिल्या महिन्यात बघितला असता तर दोन मासे जखमी झाले नसते.

पहिला प्रश्न: हा पिरान्हा तरी आहे का?

पिरान्हा, पाकू आणि सिल्व्हर डॉलर हे सगळे सेरासाल्मिडी या एकाच कुळातले. सगळ्यांची अंगं बाजूने चपटी, पोटाची कड करवतीसारखी दातेरी. म्हणून ‘पोटाला करवत आहे, म्हणजे पिरान्हा’ हा निकष बाद. पाकूच्या पोटालाही ती असते.

रेड बेली समजून आणलेला पाकू बहुतेक वेळा पियाराक्टस ब्रॅकीपोमस निघतो. त्याचं पिल्लू लाल पोट, चंदेरी अंग आणि काळे ठिपके घेऊन हुबेहूब रेड बेलीच्या पिल्लासारखं दिसतं. जाणकारही काचेबाहेरून फसतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दुसरा नमुना म्हणजे कोलोसोमा मॅक्रोपोमम, ज्याला ब्लॅक पाकू म्हणतात. त्याच्या पिल्लाच्या अंगाच्या मध्यभागी एक ठळक काळा गोल असतो, पण वाढीबरोबर तो जातो.

फरक दातांत आहे. पिरान्हाच्या वरच्या आणि खालच्या जबड्यात दातांची एकेक ओळ असते. दात त्रिकोणी, धारदार आणि एकमेकांत खाच देऊन अडकलेले. खालचा जबडा जड आणि पुढे आलेला, बुलडॉगसारखा. पाकूचे दात आपल्या दाढांच्या जवळचे: चौकोनी, चघळायला-फोडायला बनलेले, आणि वरच्या जबड्यात पुढे दोन ओळी. पाण्यात पडलेली फळं आणि कठीण बिया फोडणाऱ्या माशाला असेच दात लागणार. मासा तोंड उघडून जांभई दिल्यासारखं करतो तेव्हा दात दिसतात. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढून नंतर एकेक फ्रेम थांबवून बघितलं की काम होतं. दातांसाठी माशाला पाण्याबाहेर काढू नका. त्याला धोका, आणि तुमच्या बोटांनाही.

इथे एक सावधगिरी. कधीकधी पिरान्हाच्या एका बाजूचे दात गायब दिसतात आणि मालक घाबरतो, किंवा ‘दात नाहीत म्हणजे पाकू’ असा निष्कर्ष काढतो. पिरान्हा दात एकेक करून नव्हे, तर जबड्याच्या एका बाजूचे सगळे एकदम बदलतो. सीटी स्कॅनच्या मदतीने केलेल्या एका अभ्यासात २०१९ साली पाकूंमध्येही हीच पद्धत असल्याचं दाखवलं गेलं. दात एकमेकांत अडकलेले असल्यामुळे एकट्याने पडून भागत नाही, अख्खी फळी बदलावी लागते. काही दिवस थांबा, नवी फळी खालून तयार होतच असते.

दात दिसत नसतील तर पोटामागच्या परावर लक्ष द्या. पायगोसेंट्रस आणि सेरासाल्मस दोघांनाही या पराच्या अगदी पुढे, त्याच्या मुळाशी एक छोटा कडक काटा असतो. पाकूला तो नसतो. पाठीवरच्या मोठ्या पराच्या पुढे, पुढच्या दिशेने वळलेला असाच एक काटा पिरान्हाला असतो. पियाराक्टस आणि कोलोसोमाला तोही नाही. हे काटे दिसायला मासा बाजूने, उजेडात आणि स्थिर हवा, पण एकदा डोळ्याला सवय झाली की चूक होत नाही.

पाकू निघाला तर प्रश्न ओळखीचा राहत नाही, जागेचा होतो. कोलोसोमा एक मीटरपर्यंत जातो आणि वजनात तीस किलोच्या घरात. पियाराक्टसही थोडाफार त्याच वाटेने. घरातला कुठलाही नेहमीचा टँक त्याला आयुष्यभर पुरत नाही. हे समजताक्षणी त्याच्यासाठी मोठी जागा शोधायला लागा, आणि काहीही झालं तरी त्याला नदी-तळ्यात सोडू नका. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या ओरेसुंद सामुद्रधुनीत एका मच्छीमाराच्या जाळ्यात पाकू आला आणि जगभर त्याची बातमी झाली. दक्षिण अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा तिथे पोहत गेलेला नसतो. कुणीतरी सोडलेला असतो.

दुसरा प्रश्न: पायगोसेंट्रस की सेरासाल्मस?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथल्या चुकीने होतं, म्हणून इथे वेळ द्या.

माशाला काचेला समांतर, अगदी बाजूने बघा. वरच्या ओठापासून पाठीवरच्या पराच्या सुरुवातीपर्यंत मनात एक रेघ ओढा. ती रेघ डोक्यावरून बाहेर फुगत गेली, कपाळ गोल आणि रुंद, तोंड बोथट, जबडा भरीव, तर तो पायगोसेंट्रस. रेघ डोळ्याच्या वर किंचित आत दबली आणि मग पाठीकडे चढली, तोंड पुढे निमुळतं झालं, तर सेरासाल्मस. समोरून बघितलं तरी फरक कळतो: पायगोसेंट्रसचं डोकं जाडजूड, सेरासाल्मसचं बारीक.

पण एक लक्षात ठेवा. म्हातारा, मोठा झालेला सेरासाल्मस रॉम्बियस डोक्याने भरत जातो, त्याचा जबडा अवजड होतो आणि कपाळावरचा तो दबलेला भाग पुसट होतो. उलट, चार-पाच सेंटिमीटरच्या रेड बेलीचं कपाळ पुरेसं फुगीर नसतं. म्हणून ही कसोटी साधारण सात-आठ सेंटिमीटरच्या पुढे विश्वासाची. त्याआधी शंका आली तर मासे वेगळे करा आणि थांबा. मध्ये पारदर्शक फळी टाकली तरी चालते. नाव नंतर कळेल, पर तुटल्यावर भरून येईपर्यंत मात्र मासा तणावात राहतो.

शास्त्रज्ञ दोन घराणी वेगळी करताना टाळूवरचे दातही बघतात. सेरासाल्मसच्या टाळूवर दातांची एक ओळ असते, मोठ्या पायगोसेंट्रसमध्ये ती नसते. जिवंत माशात हे बघायच्या भानगडीत पडू नका. मासा मेला तर मात्र फेकण्याआधी भिंग घेऊन तोंड उघडून नक्की बघा. त्या एका माशाकडून दहा फोटोंपेक्षा जास्त कळतं.

पायगोसेंट्रस असेल तर

इथे काम सोपं आहे, कारण घराणं छोटं. मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम फिंक यांनी १९९३ मध्ये या वंशाची नीट फेरमांडणी केली आणि छंदात फिरणाऱ्या बऱ्याच नावांचा निकाल लागला. व्यवहारात तीन जाती धराव्यात.

नॅटेरेरी म्हणजे आपला नेहमीचा रेड बेली. रूडोल्फ क्नेर यांनी १८५८ मध्ये निसर्गसंशोधक योहान नॅटेरर यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. अमेझॉन, पाराग्वे-पाराना आणि एसेक्विबो अशा प्रचंड पसरलेल्या खोऱ्यांत तो मिळतो, म्हणून त्याचे रंग जागोजागी निराळे. दक्षिणेकडच्या, पिवळट पोटाच्या माशांना टर्नेट्झी म्हणून वेगळ्या जातीचा मान मिळत असे; आता तो नॅटेरेरीच धरला जातो. म्हणून तुमच्या माशाचं पोट लाल नसून पिवळं-केशरी असेल तर लगेच नवी जात सापडल्यासारखं वाटून घेऊ नका.

कॅरिबा व्हेनेझुएला-कोलंबियाकडच्या ओरिनोको खोऱ्यातला. कल्ल्याच्या झाकणामागे, खांद्याच्या जागी एक ठळक काळा डाग ही त्याची खूण. हा डाग तणावात फिका पडतो आणि मासा शांत झाल्यावर परत उठतो. प्रवासातून नुकत्याच आलेल्या माशात डाग दिसला नाही म्हणून कॅरिबा नाही, असं म्हणू नये. आठवडाभराने परत बघा. उलट बाजूही सांगतो: नॅटेरेरीच्या पिल्लांच्या अंगावर इतके ठिपके असतात की त्यातला एखादा खांद्याशी जाड दिसतो आणि लोक त्याला कॅरिबा म्हणून बसतात. बाकीचे ठिपके विरल्यावर तोही विरला तर तो नॅटेरेरी.

पिराया फक्त ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यातला, आणि या घराण्यात सगळ्यात मोठा होणारा. पोटावरचा पिवळा-नारिंगी रंग ज्वाळांसारखा कुशीवर वर चढतो. त्याहून पक्की खूण शेपटीजवळ आहे. पाठीवरच्या मोठ्या परामागे जो छोटा मांसल पर असतो, त्यात मोठ्या पिरायाला किरणं, म्हणजे पराला ताठ ठेवणाऱ्या बारीक काड्या, दिसतात; नॅटेरेरी आणि कॅरिबाचा तो पर साधा, गुळगुळीत असतो. नारिंगी रंगाचा एखादा देखणा नॅटेरेरी पिराया म्हणून समोर आला तर आधी हा छोटा पर बघा.

सेरासाल्मस असेल तर

इथे मनाची तयारी हवी. जाती बऱ्याच, फरक बारीक, आणि पिल्लापासून मोठं होईपर्यंत रूप बदलणारं. टँकमध्ये जास्त येतात त्यांच्यापुरतं बोलतो.

ब्लॅक पिरान्हा, डायमंड, रेड आय ही सगळी व्यापारी नावं बहुतेक वेळा एकाच माशाकडे बोट दाखवतात: सेरासाल्मस रॉम्बियस. लिनियसने १७६६ मध्ये सुरीनामच्या माशावरून त्याला नाव दिलं. पिल्लू चंदेरी, अंगावर गोल ठिपके, डोळा फिका. वय वाढतं तसा डोळा लाल होत जातो आणि अंग राखाडी ते काळपट. शेपटीची बाहेरची कड काळी असते आणि मोठ्या माशात तो काळा पट्टा थेट टोकापर्यंत भिडतो. चाळीस सेंटिमीटरच्या आसपास वाढू शकणारा हा मासा छंदात मानाचा, म्हणूनच त्याचं नाव इतरांवर सहज चिकटवलं जातं. नायजर हे जुनं नावही त्याचंच. ‘नायजर की रॉम्बियस’ हा वाद घालण्यात अर्थ नाही.

डायमंड म्हणजे वेगळी जात, हा समज मात्र फार खोल रुजलेला आहे. खवल्यांची चमक पाणी, प्रकाश आणि मासा कुठून आला यावर बदलते. एकाच नदीतले दोन मासे, एक चमकदार आणि एक मातकट, असू शकतात. चमक हे वर्णन झालं, ओळख नव्हे.

रॉम्बियस म्हणून हमखास खपणारा दुसरा मासा म्हणजे सांचेझी. पेरूकडून येतो, १९६४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेरी यांनी त्याची नोंद केली. लाल डोळा त्यालाही येतो, ठिपके त्यालाही असतात. पण त्याच्या गळ्यावर आणि कल्ल्याच्या झाकणाखाली लाली चढते, पोटाची करवत डोळ्यात भरते, आणि तो फार वाढत नाही. ‘माझा ब्लॅक पिरान्हा दोन वर्षं झाली तरी पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जाईना आणि गळा लाल झालाय’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. मासा आजारी नाही, खाणं कमी पडत नाही. तो सांचेझी आहे आणि त्याची वाढ झालेली आहे. अशा माशाला फुगवण्यासाठी खाणं वाढवलं की पाणी मात्र बिघडतं.

कॉम्प्रेसस नावाप्रमाणे जास्तच चपटा, पाठ उंच. त्याच्या पाठीकडच्या भागावरचे ठिपके गोल नसतात, उभे, लांबट, तुटक रेघांसारखे असतात. रॉम्बियसशी गोंधळ झाला तर ठिपक्यांचा हा आकार कामाला येतो. या जातीचं वर्णन १९९१ चं, म्हणजे त्याआधीच्या छंदातल्या माहितीत ती वेगळ्या नावाने सापडणारच नाही.

गोल्ड पिरान्हा म्हणून येणाऱ्या पिवळसर माशांवर स्पिलोप्लुरा हे नाव जुन्या सवयीने लावलं जातं. क्नेर यांनी १८५८ मध्ये स्पिलोप्लुरा आणि मॅक्युलेटस अशी दोन्ही नावं दिली होती. पुढे मॅक्युलेटस बाजूला पडलं आणि सगळ्यांनाच स्पिलोप्लुरा म्हणायची पद्धत पडली. २००१ मध्ये जेगू आणि सांतोस या संशोधकांनी मॅक्युलेटसला परत उभं केलं. म्हणून गोल्ड म्हणून आलेला मासा पाराना-पाराग्वेकडचा असेल तर तो मॅक्युलेटस समजा. या जोडीची शेपटी बघण्यासारखी: काळा पट्टा टोकाला भिडत नाही, त्याच्या बाहेर एक पारदर्शक कड उरते. पांढरा कागद टँकमागे धरला की ती कड लख्ख दिसते. रॉम्बियसच्या पिल्लांतही पारदर्शक कड दिसू शकते, त्यामुळे हा निकष वाढलेल्या माशालाच लावायचा.

काही मासे मात्र पहिल्या नजरेत ओळखू येतात. एलाँगेटस लांबुडका, बाकी पिरान्हांच्या चकतीसारख्या आकारात न बसणारा. जेरी नावाच्या जातीला तोंडापासून पाठीच्या पराकडे जाणारी जांभळट-काळी रेघ असते. टोकान्टिन्स-अरागुआया भागातला हा मासा बघताक्षणी कळतो. मॅन्युएलीला कल्ल्यामागे गडद डाग आणि लहानपणी अंगावर उभे पट्टे. या डागामुळे त्याला कुणी कॅरिबा म्हणालं तर डोक्याची ठेवण बघा, दोघांची घराणीच वेगळी.

तुमचा मासा यातल्या कशातच बसत नसेल आणि पोटामागच्या पराचा काटाही नसेल, तर आणखी बाजूच्या नातलगांचा विचार करा. पायगोप्रिस्टिसच्या दातांना तीनऐवजी पाच टोकं असतात. कॅटोप्रियन म्हणजे विंपल पिरान्हा. पाठीच्या पराचा लांब धागा आणि बाहेरच्या दिशेने वळलेले दात, खवले खरवडून खाण्यासाठी. प्रिस्टोब्रायकॉन या वंशाची मांडणी अजून हलती आहे, त्यातल्या काही जाती सेरासाल्मसमध्ये गेल्या आहेत. एकाच माशाची दोन आडनावं दिसली तर गोंधळून जाऊ नका.

रंग शेवटी का

रेड बेलीचं पोट खाण्यावर, पाण्यावर, तळाच्या रंगावर आणि मनःस्थितीवर बदलतं. पांढऱ्याशुभ्र वाळूवर आणि झगझगीत दिव्याखाली तो धुतल्यासारखा फिका दिसतो. गडद तळ आणि मंद उजेड दिला की काही दिवसांत रंग भरतो. घाबरलेला पिरान्हा आडवा पडून निपचित राहतो, तेव्हा काढलेल्या फोटोला काही अर्थ नाही. आणि विणीच्या काळात नॅटेरेरीची जोडी चक्क काळी होते, लाली झाकली जाते. ‘माझे रेड बेली अचानक ब्लॅक पिरान्हा झाले’ असं कुणी म्हणालं तर तळाकडे बघा. जोडीने खळगा करून त्याभोवती पहारा सुरू केला असेल. तेव्हा टँकमध्ये हात घालायचा नाही.

फोटो असा काढा

दुसऱ्याला ओळखायला सांगायचं तर निम्मं काम फोटोत आहे. मासा काचेला समांतर, सगळे पर उघडलेले, पूर्ण बाजू. कॅमेरा माशाच्या उंचीला. वरून किंवा तिरका काढला की कपाळाची रेघ खोटी दिसते आणि सगळा निकाल उलटतो. काच आतून-बाहेरून पुसलेली. फ्लॅश बंद, दिवा वरून. मग शेपटीचा वेगळा जवळचा फोटो, मागे पांढरा कागद. डोळ्याचा एक. पोटाची कड आणि पोटामागच्या पराचं मूळ दिसेल असा एक. सोबत तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी लिहा, शेपटी सोडून. काचेला बाहेरून मोजपट्टी चिकटवली आणि मासा काचेजवळ आल्यावर फोटो घेतला तर अंदाज बराच जमतो.

मासा हलवावाच लागला तर बारीक जाळी वापरू नका. दात जाळीत अडकतात, मासा ती कापून निघतो किंवा जबडा दुखावून घेतो. मोठा प्लास्टिकचा डबा पाण्यात तिरका बुडवून मासा त्यात हाकलायचा, झाकण लावायचं, मग उचलायचं.

कुठून आला, हे विचाराच

‘दक्षिण अमेरिका’ हे उत्तर नव्हे. कुठला देश, कुठली नदी? साओ फ्रान्सिस्कोतून आलेला मासा कॅरिबा असू शकत नाही, ओरिनोकोतला पिराया असू शकत नाही. एका नदीच्या नावाने अर्ध्या शक्यता गळून पडतात. टँकमध्येच पैदास झालेला असेल तर त्याचे आईबाप बघायला मागा. रेड बेलीच्या बाबतीत हे बऱ्याचदा शक्य असतं. विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने तसं सांगणं हेच बरं. ठाम चुकीच्या उत्तराने तुमचा सगळा तर्क वाकडा होतो.

आणि पोहोचाल तिथे थांबायला शिका. रॉम्बियस या एका नावाखाली ५८ गुणसूत्रांचे आणि ६० गुणसूत्रांचे असे दोन्ही मासे सापडले आहेत. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या माशांत एकाहून जास्त जाती दडलेल्या असण्याची शक्यता तज्ज्ञच मांडतात. अशा वेळी एका फोटोवरून छातीठोकपणे जात सांगणाऱ्यावर विसंबून टँकची रचना बदलू नका. पाळण्यासाठी वंश कळणं बहुतेक वेळा पुरतं: पायगोसेंट्रस असेल तर घोळका, सेरासाल्मस असेल तर एकटा. काही ठिकाणी पिरान्हा पाळायला बंदी आहे आणि पाकूला नाही, म्हणून नियमांसाठीही वंशापर्यंतची ओळख आधी पक्की करा.

टँकवर लावायची चिठ्ठीही तशीच प्रामाणिक असावी. नाव, कशावरून ठरवलं, लांबी, तारीख. दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून, त्याच उजेडात एक फोटो आणि एक नोंद. वर्षभरात चार ओळी होतात, आणि ठिपके कधी विरले, डोळा कधी लाल व्हायला लागला, वाढ कधी थांबली हे सगळं त्यात सापडतं. माझ्या त्या पर कातरणाऱ्या माशाच्या चिठ्ठीवर पहिलं वर्षभर फक्त ‘सेरासाल्मस, जात ठरायची आहे’ एवढंच होतं. दुसऱ्या वर्षी चौदा सेंटिमीटरवर त्याची वाढ थांबली, कल्ल्याखाली लाली चढली, तेव्हा खाली ‘बहुधा सांचेझी’ लिहिलं. ‘बहुधा’ अजून खोडलेलं नाही. तो आता एकटा राहतो, आणि बाकी दोघांचे पर भरून आले आहेत; मोठ्याच्या शेपटीच्या वरच्या पात्यावर मात्र जिथे नवा भाग जोडला गेला तिथे एक फिकट रेघ राहिली आहे.